कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणली तरी करंगळीचा भार हलत नाही

मजकूर संपादनासाठी कीबोर्डच्या कळांची फेरमांडणी करण्याचा विषय निघाला की एक सल्ला हमखास दिला जातो: कॅप्स लॉकची कंट्रोल करून टाका. त्यामागची कारणेही ठरलेली असतात. कंट्रोलची मूळ जागा तीच होती. इमॅक्ससारखे संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्या-बदलण्याचे प्रोग्राम, त्याच जागेसाठी घडले. या बदलाने करंगळीचे दुखणे थांबते. कॅप्स लॉक तसाही कोणी वापरत नाही. आणि हे सारे मिनिटभराचे काम आहे. मी हा बदल दोन वर्षे वापरला आणि मग सोडला. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण दुखऱ्या हाताने उपाय शोधत आलेल्या माणसाला अर्धा उपाय पुरा म्हणून सांगितला जातो, हे मला मनापासून खटकते.

मूळ जागेचा मुद्दा अर्धा खरा आहे. ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर (मोठ्या संगणकाला जोडलेला पडदा-कीबोर्ड) व्हीआय संपादक लिहिला गेला, त्यावर कंट्रोल ‘ए’च्या लगेच डावीकडे होती. १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवरही ती तिथेच होती, तर कॅप्स लॉक खाली उजव्या बाजूला होती. १९८०च्या दशकाच्या मध्यात आयबीएमने १०१ कळांचा कीबोर्ड आणला, तेव्हा या जागा बदलल्या आणि आज आपण वापरतो ती मांडणी रूढ झाली. मात्र त्याच बदलात उजव्या हाताला दुसरी कंट्रोल मिळाली, जी आधीच्या पीसी कीबोर्डवर नव्हती, आणि ही गोष्ट सांगायची राहून जाते. शिवाय एखादी कळ पूर्वी एका जागी होती म्हणून ती जागा बोटांना सोसते, असे ठरत नाही.

इमॅक्सबद्दलचा दावा तर उलटाच आहे. १९७६मध्ये एमआयटीत सुरू झालेली इमॅक्सची परंपरा तिथल्या ज्या लिस्प यंत्रांवर (लिस्प या प्रोग्रामिंग भाषेसाठी बनवलेल्या संगणकांवर) पुढे वाढली, त्यांच्या ‘स्पेस कॅडेट’ कीबोर्डवर कंट्रोल स्पेसबारला लागून, दोन्ही बाजूंना, म्हणजे अंगठ्याच्या टप्प्यात होती. तिच्या बाहेर मेटा, मग सुपर, मग हायपर या कंट्रोलसारख्याच दाबून धरायच्या कळांचा क्रम होता. ‘ए’च्या डावीकडे त्या कीबोर्डवर अक्षर खोडण्याची कळ होती. त्या संपादकाचा वारसाच पुढे करायचा असेल, तर तो कंट्रोल अंगठ्याकडे न्यायला सांगतो.

आता खरा प्रश्न, करंगळीचा. कंट्रोल कोपऱ्यातून ‘ए’च्या शेजारी आली की मनगट बाहेरच्या बाजूला वळवावे लागत नाही, आणि हा फायदा मी नाकारत नाही. पण दुखणे केवळ पोहोचण्यातून येत नाही. दाबून धरण्यातूनही येते, आणि धरणारे बोट या बदलानंतरही तेच राहते. इमॅक्समध्ये फाइल जतन करण्यासाठी कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-एस दाबावे लागते. नव्या मांडणीत हे करताना हाताकडे नीट पाहावे: डावी करंगळी कळ दाबून ताठ राहते, तिच्याच शेजारची अनामिका ‘एक्स’साठी खाली वळते आणि पुन्हा वर येऊन ‘एस’ दाबते, आणि या सबंध वेळात उजवा हात रिकामा असतो. करंगळी व अनामिका एकमेकींपासून पूर्णपणे सुट्या हलत नाहीत, त्यामुळे एक दाबून ठेवून दुसरी हलवली की ओढ थेट कोपराखालच्या स्नायूंपर्यंत जाणवते. कापणे, नक्कल करणे, चिकटवणे, पूर्ववत करणे, सर्व निवडणे, जतन करणे या नेहमीच्या आज्ञांची अक्षरेही डाव्या हाताखालीच आहेत. कॅप्स लॉकला उजवीकडे जोडीदार नाही, म्हणून सगळी कामे एकाच हातावर येऊन पडतात.

शिफ्ट वापरताना टंकलेखन शिकलेला माणूस अक्षर एका हाताने आणि शिफ्ट दुसऱ्या हाताने दाबतो. कंट्रोललाही हाच नियम लावावा: डावीकडच्या अक्षरांसाठी उजवी कंट्रोल. याला कोणतीही फेरमांडणी लागत नाही, फक्त काही आठवडे चिकाटीने सवय करावी लागते. त्यापुढे जायचे असेल, तर कंट्रोल आणि ऑल्ट यांची दोन्ही बाजूंना अदलाबदल करावी, म्हणजे कंट्रोल अंगठ्याखाली येते. मॅकवर कमांड आधीपासूनच तिथे आहे. या उपायालाही किंमत आहे: खिडक्या बदलण्याची ऑल्ट-टॅब ही जोडी कोपऱ्यात जाते, आणि स्पेसबार फार लांब असलेल्या कीबोर्डवर अंगठा तळहाताखाली दुमडावा लागतो. तसे होत असेल, तर हा बदल करू नये. एका सांध्याचे दुखणे दुसऱ्याला देऊन काही साधत नाही.

‘ए’शेजारची जागा वाईट आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. ती टिचकी मारून सोडण्याच्या कळेसाठी उत्तम आहे. व्हीआय वापरणाऱ्यांनी तिथे एस्केप ठेवावी; २००६च्या कोलमॅक मांडणीत तिथे बॅकस्पेस आहे.

कॅप्स लॉक कोणी वापरत नाही, हे विधान करणाऱ्यांनी दृष्टिहीन वापरकर्त्यांचा विचार केलेला नसतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा विंडोजचा नॅरेटर कॅप्स लॉकला स्वतःची मॉडिफायर कळ (दुसऱ्या कळेसोबत दाबून धरायची कळ) मानतो, आणि एनव्हीडीए व मॅकवरील व्हॉइसओव्हर या तशाच वाचकांतही तशी सोय आहे. एका हाताने टंकलेखन करणाऱ्यालाही ती लागते. सामायिक संगणकावर ही कळ परस्पर बदलणे म्हणजे दुसऱ्याचे साधन काढून घेणे होय.

राहिला मिनिटभराचा दावा. लिनक्सवर एक्सकेबी या कीबोर्ड-मांडणीच्या यंत्रणेच्या पर्यायांत आणि मॅकवर मॉडिफायर कळांच्या सेटिंगमध्ये बदल खरोखरच पटकन होतो, जरी मॅकवर तो प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळा करावा लागतो. विंडोजवर रजिस्ट्रीतून (प्रणालीच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींतून) केलेला बदल संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांना लागू होतो आणि त्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या प्रोग्रामने केलेला बदल ते चालू असेपर्यंतच टिकतो. दूरस्थ संगणकावर काम करताना दोन्हीकडे अदलाबदल केलेली असेल, तर काही वेळा ती दोनदा होऊन कळ पुन्हा जुन्या जागी येते. क्यूएमकेसारख्या फर्मवेअरचा (कीबोर्डच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रामचा) कीबोर्ड असेल, तर मांडणी कीबोर्डमध्येच साठते आणि कोणत्याही संगणकाला जोडला तरी तशीच राहते. असा कीबोर्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापुरता हा शेवटचा दावा मला मान्य आहे.