सत्कार पुरे झाले, आता ऑर्गनची मागची फळी उघडूया

काल आमच्या ऑर्गनवाल्यांच्या ग्रुपचा वार्षिक मेळावा झाला. साडेतीन तास. त्यात सत्कार अकरा, भाषणं सात, आणि प्रत्यक्ष ऑर्गन वाजला किती तर जेमतेम पंचवीस मिनिटं, आणि त्यातही मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी मुकी. दाबली की नुसतं खट्ट, सूर नाही. वाजवणारे काका इतके मुरलेले की तिथे आलं की हळूच वरच्या सप्तकात जायचे आणि परत खाली उतरायचे, समोरच्या लोकांना पत्ताही लागला नाही. आम्हाला लागला. कारण मागच्या वर्षीही हीच पट्टी मुकी होती.

काल मी काही बोललो नाही, स्टेजवर नारळ घेऊन उभा होतो (हो, अकरातला एक सत्कार माझा पण होता, म्हणून तर जास्त लागलं). रात्री झोप आली नाही म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, कंटाळा आला तर फोटो बघून पुढे जा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमचा ऑर्गन म्हणजे चर्चमधला तो भिंतभर नळ्यांचा ऑर्गन नाही. पायपेटी. खाली दोन पावट्या, त्या आळीपाळीने दाबायच्या, दोन्ही हात वाजवायला मोकळे. हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो आणि सूर बोलतात, या अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये बरोबर उलटं, भाता हवा आत ओढून घेतो. म्हणून त्याचा आवाज असा गोल, जरा लांबून आल्यासारखा येतो. एस्टी, मेसन अँड हॅम्लिन ही नावं जुन्या नाटकवाल्यांच्या तोंडात असायची, ती सगळी तिकडची कंपन्यांची नावं. तिकडे हे वाद्य घराघरात आणि छोट्या चर्चमध्ये होतं, नंतर पियानो आणि ग्रामोफोन आले आणि ते अडगळीत गेलं. आपल्याकडे मात्र संगीत नाटकाने त्याला असं उचललं की आज नाट्यसंगीत म्हटलं की पहिला कानात येतो तो ऑर्गनचाच सूर.

आता या आत ओढण्याचा एक तोटा आहे आणि माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. हवा आत ओढायची म्हणजे हवेबरोबर धूळही आत येणार, आणि ती येते थेट पितळी सुरांवर (सूर म्हणजे इथे आत बसवलेल्या, हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी रीड). सुराची जीभ आणि तिची चौकट यांच्यात फट अगदी केसाएवढी, तिथे एक कण अडकला की सूर मुका. बास, एवढंच असतं बहुतेक वेळा! मागची फळी काढायची, आकड्याने तो सूर अलगद बाहेर ओढायचा, मऊ ब्रशने झटकायचा, परत सरकवून बसवायचा. पाच मिनिटांचं काम. जुन्या ऑर्गनमध्ये तर हा आकडा बरेचदा आतच टांगलेला असतो. आणि आम्ही ती पट्टी वर्षभर तशीच ठेवली, कारण उघडायची कुणाला माहितीच नाही. जे दोघं उघडायचे त्यातले एक गेले, दुसऱ्यांचे हात आता थरथरतात.

आमच्या ग्रुपमध्ये माणसं कोण तर रिटायर झालेले शिक्षक, एक एसटीतले, एक मेडिकल दुकानवाले, दोन भजनी बुवा, बँकेतला मी, आणि चार-पाच तरुण पोरं. नोंदणी नाही, घटना नाही, अध्यक्ष म्हणजे ज्यांच्या घरी चहा होतो ते. पण काम खरं होतं बरं का. आमच्या कोकणात देवळांच्या उत्सवात अजून संगीत नाटकं होतात, त्रिपुरी पौर्णिमा झाली की सुरू ते महाशिवरात्रीच्या पुढेपर्यंत, गावातलीच मंडळी करतात, आणि एकाच रात्री तीन गावांत तीन नाटकं असली की ऑर्गनवाला आणायचा कुठून. मग ग्रुपवर मेसेज पडतो, "शनिवारी कोण मोकळं आहे, नायिका काळी चारला गाते, नायक पांढरी दोन, सोळा पदं." आणि तासाभरात कुणीतरी "मी जातो" लिहितं. मानधनाचं कुणी विचारत नाही. टेम्पो कोण आणणार हे मात्र आधी विचारतात, कारण ऑर्गन छोट्या हत्तीत चढवायला चार माणसं लागतात आणि देवळाच्या पायऱ्या असल्या तर सहा. मी मागे एकदा म्हटलं होतं की आपल्याकडे ऑर्गन वाजवणारे मिळतील, उचलणारे मिळणार नाहीत, तेव्हा सगळे हसले. हल्ली हसत नाहीत.

एक रात्र सांगतो. चार-पाच वर्षं झाली. उघडा मांडव, थंडीचे दिवस, कोकणातलं दव तुम्हाला माहितीये, मध्यरात्रीनंतर खुर्च्या ओल्या लागतात. दुसरा अंक संपत आलेला, नायिका रडवेलं पद म्हणायच्या तयारीत, मी सूर दिला आणि तो सूर थांबेचना. पट्टी सोडली तरी चालूच. दव खाऊन आतलं लाकूड फुगलं, झडप बसली नाही, सूर आपला पुंऽऽ करून वाजतोय. नायिका स्टेजवरून माझ्याकडे बघतेय, प्रेक्षकांत एक लहान पोर हसायला लागलं. माझ्या शेजारी आमचे ते थरथरत्या हातांचे काका बसलेले (तेव्हा थरथरत नव्हते), त्यांनी काही न बोलता हात लांब करून एक स्टॉपर (सुरांचा एक अख्खा संच, म्हणजे सेट, चालू-बंद करणारी खुंटी) आत ढकलला. त्या सेटचा आवाज बंद, सूर गप्प, दुसऱ्या सेटवर मी पद पूर्ण केलं. अंक पडल्यावर ते उठले, मेकअपच्या खोलीत जाऊन नायिकेच्या केसातली एक पिन मागून आणली, मागची फळी काढली, टॉर्च मला धरायला लावला आणि तिसरी घंटा व्हायच्या आत ती झडप मोकळी केली. पिन परत नेऊन दिली, वर म्हणाले, "बाई, तिसऱ्या अंकात अंबाडा सुटला तर मला बोल लावू नका."

त्यांचा सत्कार आम्ही दोनदा केला. त्यांच्याकडून ते काम शिकून घ्यायला कुणी बसला नाही. मी पण नाही. टॉर्च धरला तेवढाच.

आता दुसरी बाजूही सांगतो नाहीतर आमचे अध्यक्ष उद्या फोन करतील. त्यांचं म्हणणं असं की साथीदाराला कोण विचारतो, आपण आपल्या माणसांचे सत्कार नाही करायचे तर करणार कोण. आणि हे खोटं नाही. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. थिरकवाखाँसाहेब देशभर गाजले, 1970 ला पद्मभूषण मिळालं. हरिभाऊंचं नाव आज नाट्यसंगीताच्या दर्दी माणसाशिवाय कुणाला सांगता येईल? ज्या सुरावर बालगंधर्वांनी गळा ठेवला तो सूर देणारा माणूस. हल्लीच्या पोस्टरवर पण बघा, गायक-नट मोठ्या अक्षरात, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, आणि सगळ्यात खाली "साथसंगत" आणि पुढे आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. एका पोस्टरवर तर मला तबल्यावर टाकलं होतं.

पण तेच गोविंदराव टेंबे बघा. मूळचा पेटीवाला माणूस. 1911 च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या, आणि 1913 ला गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर तिसरे मालक हेच. पेटीवाला कंपनीचा मालक! ते काही शाल पांघरून नाही झालं, चाली बांधून झालं. आणि आमच्या पिढीचं म्हणाल तर गोविंदराव पटवर्धन. त्यांच्या पेटी-ऑर्गनच्या कॅसेट ऐकून ऐकून आम्ही अर्धे लोक या नादाला लागलो, गाणाऱ्याच्या तोंडातून शब्द पूर्ण बाहेर पडायच्या आधी यांचा सूर तिथे हजर असायचा. त्यांची आठवण ठेवायची तर एक तसबीर आणि हार यापेक्षा पोरांना बसवून ती साथ ऐकवा ना, कुठे भरलं आणि कुठे मुद्दाम हात उचलून गप्प बसले ते दाखवा. हात कधी उचलायचा हे आमच्यातल्या निम्म्यांना साठी आली तरी कळलेलं नाही. मी त्या निम्म्यांत आहे असं आमच्या घरचं मत.

आमच्या ग्रुपमध्ये एक दहावीतली मुलगी येते. हातपेटी चांगली वाजवते, ऑर्गनवर बसवली तर पहिले दोन महिने सूर असा हेलकावे खात यायचा, होडीत बसल्यासारखा. मला कळेना काय होतंय. मग खाली वाकून बघितलं तर पाय तालात चालले होते! तबल्याच्या समेवर पावटी जोरात. सगळ्यांचं होतं सुरुवातीला, पायाला ताल ऐकू येतो आणि तो नाचायला लागतो. पायाने ताल विसरायचा, श्वासासारखा सावकाश चालू ठेवायचा आणि ताल फक्त हातात ठेवायचा, हे जमायला सहा महिने जातात. तिला तीन महिन्यांत जमलं. परवा तिने विचारलं, "काका, हा आतून कसा दिसतो?" आणि मी म्हटलं दाखवू कधीतरी. कधीतरी! तीस वर्षं वाजवतोय, मी स्वतः टॉर्च धरून जेवढा बघितला तेवढाच.

कीबोर्डचं पण बोलून टाकतो. पोरं कीबोर्ड आणतात, त्यात "ऑर्गन" नावाचा टोन असतो, एका हातात उचलून आणता येतो, दव लागत नाही, उंदीर भाता कुरतडत नाहीत. तालमीला खुशाल वापरा, मी पण वापरतो. ग्रुपमधले काही लोक त्यावरून भांडतात ते मला पटत नाही, कारण ज्या गावात ऑर्गनच नाही तिथे कीबोर्डवर का होईना नाटक उभं राहिलं तर चांगलंच आहे. फक्त नाटकाच्या रात्री गाणारा जेव्हा आवाज बारीक करत करत नेतो तेव्हा पायाचा दाब आणि गुडघ्याची पट्टी यांनी जो सूर त्याच्याबरोबर विरत जातो, तो बटणाने येत नाही. निदान मला तरी आणता आलेला नाही.

आणि सुरात मिळवण्याचा वेगळाच घोळ. बरेच जुने ऑर्गन आजच्या 440 ला (म्हणजे A या स्वराची सेकंदाला 440 कंपनं) लावलेले नसतात, 435 च्या आसपास असतात, तिकडे तेव्हा तीच पट्टी चालायची. म्हणजे आजची हातपेटी शेजारी ठेवली की दोघी सवतींसारख्या वाजतात. सूर चढवायचा तर जिभेच्या टोकाकडे अगदी किंचित घासायचं, उतरवायचा तर मुळाकडे. दोन सेटचा ऑर्गन धरला तर 61 पट्ट्यांचे 122 सूर. एक जरी जास्त घासला तरी गेला, नवीन मिळत नाही. हे काम शिकायला वर्षं लागतात, म्हणून तर म्हणतोय की आत्ता सुरू करा.

पाइप ऑर्गनवाल्यांचं बघा. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स 1864 चं, अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स 1896 चं. परीक्षा घेतात, शहराशहरात शाखा, शाळकरी पोरांसाठी उन्हाळ्यात शिबिरं, त्यात पोरांना वाद्याच्या आत नेऊन नळ्या दाखवतात. वाद्य राक्षसासारखं मोठं, तरी आत नेतात. आपलं तर एका फळीमागे आहे, चार स्क्रू.

त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडे नाही हे मान्य. पण कालच्या अकरा शाली, अकरा नारळ आणि ती काचेची स्मृतिचिन्हं यांच्या खर्चात भात्याचं नवीन कापड आलं असतं. काचेचं काय करायचं सांगा मला, माझ्याकडे चौदा झाली, बायको म्हणते एकात निदान तुळस तरी लावता आली असती.

कोकणात नवीन ऑर्गन घडवायचं कामसुद्धा लोकांनी करून दाखवलंय, म्हणजे हात आणि डोकं आपल्याकडे आहे. आमच्या ग्रुपला नवीन घडवायचा नाहीये, आहे तो बोलता ठेवायचाय.

तर मी काकांशी सकाळी फोनवर बोललो. हात थरथरतात पण तोंड चालतं म्हणाले, मी खुर्चीवर बसून सांगतो, करा तुम्ही. येत्या रविवारी सकाळी नऊला, नेहमीच्या ठिकाणी, तो मुक्या पट्टीचा ऑर्गन उघडायचा. ती दहावीतली मुलगी आकडा धरणार, हे ठरलंय, बाकीच्यांनी मध्ये मध्ये करू नये. सत्कार नाही, सूत्रसंचालन नाही, फोटो काढायचाच तर आतल्या सुरांचा काढा म्हणजे परत कुठला कुठे बसवायचा ते कळेल. येताना मऊ ब्रश, जुनं सुती कापड, एक बरा टॉर्च आणि कुणाकडे असतील तर केसातल्या पिना घेऊन या. चहा अध्यक्षांकडे.