खजिनदार व्हायचंय? मग निवडणुकीच्या नादी लागू नका

आपल्याकडे खजिनदार म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो सोसायटीचा. मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या दारात उभा राहून शिव्या खाणारा, दिवाळीत वॉचमनच्या बोनससाठी वर्गणी मागत फिरणारा, आणि एजीएमला "हे साडेचारशे रुपये कसले?" या प्रश्नावर अर्धा तास उत्तर देणारा बिचारा माणूस. तुम्ही तो असाल किंवा होता होता वाचला असाल तर माझं ऐका, चुकीच्या जागी जन्माला आलात. खजिनदार व्हायचं तर अमेरिकेत, आणि तिथेही मिसूरी राज्यात. तिथे राज्याचा खजिनदार हे घटनेतलं पद आहे, पगार वर्षाला एक लाख डॉलरच्या वर, आणि मुख्य म्हणजे मतदारांच्या पाया न पडताही ते मिळू शकतं. नमुन्यादाखल मी तिथले माजी खजिनदार स्कॉट फिट्झपॅट्रिक या गृहस्थांचं करिअर घेतलंय, कारण त्यांनी हा कोर्स इतका स्वच्छ पूर्ण केलाय की क्लासवाल्यांनी फोटो बोर्डावर लावावा.

सुरुवात धंद्यापासून करा. शेल नॉब नावाचं छोटं गाव आहे, टेबल रॉक लेकच्या काठी, मिसूरीच्या नैऋत्य कोपऱ्यात. तलाव म्हटला की बोटी आल्या, बोटी आल्या की त्या बांधायला तरंगते धक्के आले, आणि या पोराने शाळेत असतानाच धक्के बनवायची आणि दुरुस्त करायची कंपनी काढली. इथे मी उपरोध बाजूला ठेवतो, कारण आपण त्या वयात बारावीला कुठला क्लास लावायचा यावर घरात भांडत होतो. पण तुम्ही मुद्दा लक्षात घ्या. पुढे आयुष्यभर "मी पॉलिटिशियन नाही हो, मी बिझनेसमन" असं म्हणायची सोय झाली पाहिजे, म्हणून धंदा आधी आणि राजकारण नंतर. उलटं केलं की त्याला वेगळं नाव पडतं, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

मग आमदार व्हा. इथे मात्र निवडणूक टाळता येत नाही, सॉरी. खालच्या सभागृहात १६३ जागा आहेत, म्हणजे एवढ्याशा राज्याला आपल्या विधानसभेच्या निम्म्याहून जास्त आमदार, एखादी जागा मिळून जाते. फिट्झपॅट्रिक २०१२ मध्ये निवडून आले, वय वर्षं २५. पगार तेव्हा वर्षाला साधारण ३६ हजार डॉलर, अधिवेशन जानेवारीपासून मेच्या मध्यापर्यंत, मग परत तलाव.

आता खरी गंमत ऐका. मिसूरीच्या मतदारांनी १९९२ मध्ये ठरवलं की हे लोक खुर्चीला चिकटून बसतात, यांना मुदत घाला. प्रत्येक सभागृहात जास्तीत जास्त आठ वर्षं, बास. हेतू काय तर राजकारणी घरी जातील, शेती करतील, नातवंडं खेळवतील. झालं काय, तर प्रत्येक आमदार पहिल्या दिवसापासून पुढची खुर्ची शोधायला लागला. भाड्याच्या घरातला माणूस कसा अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपायच्या आधीच ब्रोकरला फोन करतो, तसं. म्हणजे खुर्ची सोडा म्हटल्यावर यांनी एक सोडून दुसरी धरली आणि जनतेला वाटलं आपण जिंकलो. तुम्हीही आमदार झालात की आधी कॅलेंडरवर आठ वर्षांची खूण करा, मतदारसंघ नंतर बघू.

ती आठ वर्षं कुठे घालवायची? बजेट कमिटीत. पर्यटन, ग्रंथालयं, सांस्कृतिक वगैरे कमिट्यांमध्ये जाऊन चांगलं माणूस म्हणून नाव मिळतं, बाकी काही मिळत नाही. फिट्झपॅट्रिक २०१७ पर्यंत बजेट कमिटीचे चेअरमन झाले होते, हातात सुमारे २८ अब्ज डॉलरचं बजेट, वय तिशीच्या आत. चेअरमन झाल्यावर एकदा तरी काटकसर दाखवा आणि ती अशा ठिकाणी दाखवा की पेपरात येईल. त्यांनी २०१७ मध्ये प्रस्ताव आणला की भाड्याने राहणाऱ्या वृद्धांना आणि अपंगांना जी टॅक्सची सूट मिळते, जास्तीत जास्त ७५० डॉलर, ती बंद करा आणि तो पैसा घरपोच देखभालीच्या सेवांना द्या. म्हणजे एका आजीच्या पर्समधून काढून दुसऱ्या आजीच्या औषधाला. आता तुम्ही म्हणाल की मोठ्या कंपन्यांच्या सवलती पण होत्या की तिथे. होत्या. पण तुम्हाला खजिनदार व्हायचंय ना? मग असले प्रश्न विचारायचे नसतात.

इथपर्यंत सगळं तुमच्या हातात होतं. यापुढे नशीब, आणि नशिबाचा अभ्यास करावा लागतो. तुम्ही शाळेत खो-खो खेळला असाल तर अर्धा अभ्यास झालाय. गुडघ्यावर बसून राहायचं, चेहरा तयार ठेवायचा, मागून "खो" आला की उठायचं, आणि ज्याने खो दिला तो तुमच्या जागी बसतो. मिसूरीत फक्त एवढा फरक की खो गव्हर्नर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभारी, देतो आणि मैदानाबाहेर बसलेल्या मतदारांना शिट्टी ऐकू येत नाही.

बघा कसा डाव झाला. २०१६ ला एरिक ग्रायटन्स गव्हर्नर म्हणून निवडून आले, राजकारणाबाहेरचा माणूस, सगळं साफ करणार वगैरे. दीड वर्षात त्यांचीच प्रकरणं बाहेर आली, विधानसभेने चौकशी लावली, महाभियोगाची तयारी सुरू झाली, आणि १ जून २०१८ ला ते गेले. लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे दोन नंबरचे, माइक पार्सन आपोआप गव्हर्नर झाले. खो. लेफ्टनंट गव्हर्नरची जागा रिकामी झाली तिथे पार्सनसाहेबांनी राज्याच्या वरच्या सभागृहातले सिनेटर माइक किहो यांना बसवलं. खो. यावर विरोधी पक्षातले डेमोक्रॅट कोर्टात गेले की ही जागा गव्हर्नर भरू शकतच नाही, तर एप्रिल २०१९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरू शकतो, तोवर किहो दहा महिने खुर्चीत बसून गादी गरम करून झाले होते.

तेवढ्यात ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य सरकारी वकील, जॉश हॉली अमेरिकन सिनेटवर निवडून गेले. या हॉलींचं मला विशेष कौतुक आहे. २०१६ च्या प्रचारात त्यांची एक जाहिरात होती, त्यात ते उभे आहेत आणि आजूबाजूला सूटबूटवाले लोक शिड्या चढतायत, अर्थ असा की हे बघा एका पदावरून दुसऱ्या पदावर चढणारे राजकारणी, मी त्यातला नाही. जानेवारी २०१७ ला पद घेतलं आणि ऑक्टोबर २०१७ ला सिनेटची उमेदवारी जाहीर केली. नऊ महिने! शिडीला रंग सुकला नसेल. तर हॉली गेले, ॲटर्नी जनरलची जागा रिकामी झाली, तिथे पार्सननी खजिनदार एरिक श्मिट यांना उचलून ठेवलं, आणि मग, हां, आता सावरून बसा, खजिनदाराची खुर्ची रिकामी झाली.

आणि बजेट कमिटीचे चेअरमन तयार होतेच. नोव्हेंबर २०१८ ला लोकांनी त्यांना परत आमदार म्हणून निवडून दिलं होतं, जानेवारी २०१९ ला ते खजिनदार झाले, वय ३१. आठ वर्षांच्या मुदतीतली दोन अजून शिल्लक होती, म्हणजे ॲग्रीमेंट संपायच्या आधीच मोठा फ्लॅट मिळाला, तोही ब्रोकरेज न देता. मतदार किती? एक. त्याचं नाव माइक पार्सन, तोही राज्याच्या त्याच नैऋत्य भागातला, तोही माजी आमदार आणि माजी सिनेटर. एका मतदाराचा प्रचार किती स्वस्त पडतो याचा विचार करा, ना बॅनर, ना रॅली, ना वडापाव.

काम काय असतं विचाराल. राज्याचा पैसा सांभाळायचा, गुंतवायचा, ठीक आहे, ते ऑफिसातले लोक करतात. तुमचं काम म्हणजे बेवारस मालमत्ता. लोक जुनी बँक खाती विसरतात, विम्याचे चेक न्यायचे राहतात, लॉकर पडून राहतात, तो सगळा माल काही वर्षांनी खजिनदाराकडे जमा होतो आणि आता तो एक अब्ज डॉलरच्या वर गेलाय. कल्पना करा, तुम्ही गावोगाव जाताय आणि लोकांना त्यांचेच पैसे परत देताय आणि लोक तुमचे आभार मानतायत! लॉकरमध्ये सैनिकांची पदकंही सापडतात, ती लिलावात काढत नाहीत, मालकाच्या घरच्यांना शोधून परत करतात. एखाद्या म्हातारीच्या हातात तिच्या दादल्याचं युद्धातलं पदक ठेवतानाचा फोटो, यासारखा फोटो जगात नाही. आपल्याकडचे नेते वास्तुशांतीपासून तेराव्यापर्यंत दारोदार फिरून जे कमावतात ते इथे एका कपाटात कुलूपबंद पडलेलं असतं. काम चांगलं आहे हे मी नाकारत नाही, उलट म्हणूनच तर सांगतोय.

२०२० ला मग रीतसर निवडणूक आली, पण आता तुम्ही उमेदवार नसता, तुम्ही खजिनदारसाहेब असता. ते आरामात निवडून आले. आता हुशारी बघा. मिसूरीत गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, खजिनदार हे सगळे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी निवडतात, एकटा ऑडिटर, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारा, मधल्या वर्षी. म्हणजे २०२२ ला ऑडिटरसाठी उभं राहायचं, हरलो तर खजिनदारकी जानेवारी २०२५ पर्यंत आहेच, जिंकलो तर सोन्याहून पिवळं. शिवाय खजिनदाराला घटनेने दोनच टर्म दिल्यात, ऑडिटरला तसली कटकट नाही. आयुष्यभर मुदतीच्या घड्याळाकडे बघत पळणाऱ्या माणसाला अखेर घड्याळ नसलेली खोली सापडली.

तरी मतदान जवळ आलं की काहीतरी करून दाखवावं लागतं. राज्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाच्या बोर्डावर खजिनदार असतोच. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, मतदानाला तीन आठवडे असताना, फिट्झपॅट्रिक यांनी जाहीर केलं की फंडाने ब्लॅकरॉक या बड्या गुंतवणूक कंपनीकडचे सुमारे ५० कोटी डॉलर काढून घेतलेत, कारण ती कंपनी पर्यावरण आणि समाज वगैरे बघून गुंतवणूक करते आणि आम्हाला फक्त परतावा हवा. आता पेन्शनीत व्याज किती वाढलं हे क्लार्कबाईंना कळायला अजून वीस वर्षं आहेत, पण बातमी त्याच संध्याकाळी आली. नोव्हेंबरला ते जिंकले, आणि राज्यभरातून निवडून येणारं डेमोक्रॅटांकडचं ते शेवटचं पद होतं, तेही गेलं. डेमोक्रॅटांबद्दल फार हळहळू नका. त्यांच्या मावळत्या ऑडिटरबाई निकोल गॅलवे आधी काउंटीच्या खजिनदार होत्या, तेव्हाच्या, त्यांच्याच पक्षाच्या गव्हर्नर निक्सन यांनी नेमलेल्या, आणि मग ऑडिटर झाल्या, त्याही निक्सन यांनीच नेमलेल्या. खो-खो दोन्ही शाळांत शिकवतात.

आणि आता खजिनदाराची खुर्ची परत रिकामी! या वेळी पार्सननी विवेक मलेक यांना बसवलं, मूळचे रोहतकचे, हरियाणा, एमबीए करायला २००१ मध्ये मिसूरीत आले, इमिग्रेशनची वकिली करत होते. आमदारकी नाही, नगरसेवकपद नाही, काही नाही. आपल्या लोकांना अभिमान वाटला, वाटायलाच हवा, मिसूरीत राज्यपातळीवरच्या पदावर बसलेला पहिला गोरा नसलेला माणूस. पण तुमच्या दृष्टीने बातमी अशी की बोटींचे धक्के, आमदारकी आणि बजेट कमिटी हा सगळा सिलॅबस ऑप्शनला टाकला तरी चालतो. मीही हे आधी सांगायला हवं होतं, पण मग लेख कसा झाला असता.

या सगळ्यात एक माणूस बिचारा सरळ मार्गाने आलेला, तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या निवडणुका आणि दफ्तर सांभाळणारे, जे ॲशक्रॉफ्ट. २०१९ मध्ये टीममध्ये बघावं तर गव्हर्नर वारसाने, लेफ्टनंट गव्हर्नर नेमलेला, ॲटर्नी जनरल नेमलेला, खजिनदार नेमलेला, ऑडिटरबाईसुद्धा आधी नेमलेल्या. कधीच कुणाच्या खोवर न बसलेले ते एकटेच. अर्थात वडील जॉन ॲशक्रॉफ्ट स्वतः माजी गव्हर्नर, त्यामुळे तेही अगदी अनवाणी आले नव्हते. २०२४ ला ते गव्हर्नरकीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरले आणि तिसरे आले. पहिले आले किहो, तेच ते, खो मिळालेले.

पण माझा जीव तुटतो तो कोडी स्मिथ यांच्यासाठी. फिट्झपॅट्रिक उठल्यावर बजेट कमिटीत चेअरमन म्हणून हेच बसले. राज्याच्या त्याच कोपऱ्यातले, कार्थेज गावचे. त्यांच्या काळात बजेट ५० अब्ज डॉलरच्या पुढे गेलं, आठ वर्षं २०२४ ला संपत आली, म्हणजे बायोडाटा अगदी कार्बन कॉपी. फक्त पाच वर्षं बसून राहिले तरी त्यांना खो आला नाही, म्हणून त्यांनी अर्ज भरला आणि खजिनदारकीसाठी प्रायमरीत लोकांकडे मतं मागायला गेले. समोर होते मलेक, आता खजिनदारसाहेब मलेक. ऑगस्टमध्ये स्मिथ हरले, आणि जानेवारी २०२५ ला आमदारकीची मुदतही संपली.