एवढा वेळ मिळतो कुठून?

आज मीटिंगमध्ये कागद पुढे सरकवताना एका वरिष्ठांची नजर माझ्या नखांवर गेली. निळ्या-पांढऱ्या लाटा आहेत, रविवारी रात्री काढलेल्या. साहेब हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मॅडम, एवढा वेळ मिळतो कुठून तुम्हाला?" दोघं-तिघं हसले. मीही हसले. राग त्याचाच जास्त आलाय.

घरी येऊन तीन तास झाले. उत्तर आत्ता सुचतंय, म्हणून इथे लिहितेय. लांबेल, कंटाळा आला तर पुढे सरका.

हे गृहस्थ दर रविवारी दीड तास गाडी पुसतात. स्वतःच सांगतात, कौतुकाने. आधी शाम्पू, मग वॅक्स, मग ते खास मऊ फडकं. त्यांना कुणी वेळ विचारत नाही, कारण ती 'गाडीची आवड' असते. आता गंमत ऐका. १९२० च्या दशकात गाड्यांना जो झटपट वाळणारा रंग द्यायला लागले, तो नायट्रोसेल्युलोजचा होता. माझ्या नेलपॉलिशच्या बाटलीत आजही तेच असतं. द्रावक उडून जातं, मागे चकचकीत पापुद्रा राहतो. म्हणजे रंगाचं घराणं एकच. त्यांच्या वाट्याला पत्रा आला, माझ्या वाट्याला नख, एवढाच काय तो फरक. बरं, माझं काम जास्त बारीक आहे!

असो. मला खरं तर आत्याबद्दल लिहायचंय.

आत्या शाळेत शिकवायची. हाताला नेलपॉलिश लावलेलं तिच्या घरात चालायचं नाही, शाळेत तर नाहीच नाही. एकदा सुट्टीत तिच्याकडे गेले होते, आठ-नऊ वर्षांची असेन. दुपारी सगळे झोपलेले. मी दार ढकललं तर आत्या जमिनीवर बसलेली, पायातले मोजे काढून बाजूला ठेवलेले, आणि टाचणीच्या डोक्याने पायाच्या अंगठ्यावर ठिपके देत होती. लालवर पांढरे, पाच पाकळ्या आणि मध्ये एक पिवळा. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं. मग मोजे चढवले आणि उठून कामाला लागली. आत्या उन्हाळ्यातही मोजे का घालते, हे घरात कुणाला कळत नव्हतं. मला त्या दिवशी कळलं.

आज डॉटिंग टूल म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या टोकांचा सेट मिळतो. माझ्याकडेही आहे. पण टाचणीचं डोकं, संपलेली रिफिल, केसांच्या पिनेचं टोक यांनी जे जमतं तेच त्यानेही जमतं. हे मी आत्याकडून शिकले, ती एक अक्षरही बोललेली नसताना.

आता लाटांबद्दल, कारण साहेबांना वाटत असेल बसल्या बसल्या फासलं काहीतरी. याला वॉटर मार्बल म्हणतात. भांड्यात पाणी घ्यायचं, गारही नको आणि कोमटही नको. गार पाण्यात थेंब पसरत नाही, गरम पाण्यात पसरायच्या आत वाळतो. एका रंगाचा थेंब सोडायचा, त्याच्या मधोमध दुसऱ्याचा, मग पुन्हा पहिल्याचा. पाण्यावर वर्तुळं तयार होतात. टूथपिकने मधून बाहेर ओढलं की लाट उठते. आधी बेस कोट आणि पांढरा थर देऊन वाळवलेलं नख त्यात बुडवायचं, पाण्यावर उरलेला रंग टूथपिकने गोळा करायचा आणि मगच बोट वर काढायचं. एका बोटाला एक खेळ. असे दहा. बाटली जुनी आणि घट्ट झाली असेल तर थेंब सरळ तळाला जातो आणि आपण बघत बसतो. रविवारी चौथ्या बोटाला माझं तेच झालं. साडेअकरा वाजले होते, घर झोपलेलं होतं, आणि मला ऑफिसमधली एकही गोष्ट आठवत नव्हती. तो वेळ कुठून मिळाला म्हणून काय विचारता? तेवढाच तर माझा होता.

आणि उजवा हात! उजव्या हाताने डावा हात कुणीही रंगवेल. डाव्याने उजवा रंगवून दाखवा. दोन वर्षं करतेय, अजून माझा उजवा हात डाव्याचा गरीब नातेवाईक दिसतो.

"आठ दिवसांत उडून जातं, काय उपयोग?" हेही ऐकलंय. उडतं म्हणूनच तर हात चालतो माझा. चित्रकलेच्या वहीत मी कधी धाडस केलं नाही, पान खराब होईल म्हणून. इथे बिघडलं तर कापूस आणि रिमूव्हर. एक मात्र मान्य, घरात वास सुटतो. खिडकी उघडी ठेवते, तरी लेक कुरकुरते. आणि 'त्यात केमिकल असतं' म्हणणारेही अगदीच चूक नाहीत. जेल, म्हणजे दिव्याखाली घट्ट करायचं नेलपॉलिश, मी घरी करतच नाही. ते त्वचेला लागलं किंवा दिव्याखाली अर्धवट घट्ट झालं, तर ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की बहुतेक वेळा जन्माची. युरोपियन युनियनने तर जेलमधल्या टीपीओ नावाच्या रसायनावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आणलीय. एका मैत्रिणीचं म्हणणं की हे सगळं बायकांवरच्या दिसण्याच्या दडपणातून येतं. असेल बाई. पण मोज्याच्या आत कसलं दडपण?

दोन वर्षांपूर्वी आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वय ७१. आदल्या संध्याकाळी नर्स आली, नेलपॉलिश आहे का पाहायला. गडद रंग असला तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो, नखाचा मूळ रंगही दिसावा लागतो. आत्याचे हात स्वच्छ, नेहमीसारखे. नर्स वळली, तेवढ्यात आत्या हळूच म्हणाली, "पायांना आहे." मोजे काढले. दहा बोटं, दहा वेगळ्या नक्षी. करंगळीच्या त्या एवढ्याशा नखावरसुद्धा तीन ठिपके. नर्स काही बोलली नाही. आधी मोबाइल काढला, "आजी, एक फोटो काढू?" म्हणाली आणि मगच कापूस उघडला. मी बाहेर जाऊन रडले. ऑपरेशनच्या काळजीने, असं सगळ्यांना सांगितलं.

त्याच आठवड्यात मी पहिल्या तीन बाटल्या घेतल्या.

म्हणून साहेब, तुमच्या त्या वाक्याने एवढं लागलं. तुम्हाला काय माहीत म्हणा. तुम्ही मनाने वाईट नाही, गेल्या वर्षी माझी रजा तुम्हीच मंजूर केली होती. आणि आता एवढं लिहून झाल्यावर राग जरा उतरलाय. पण पुढच्या वेळी मी हसणार नाही, हे नक्की.

मघाशी आत्याला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, निदान हळहळेल तरी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टॉप कोट लावायच्या आधी लाटा पुरत्या वाळू दिल्यास ना? नाहीतर ब्रशबरोबर ओढल्या जातात."

"दिल्या ना," म्हटलं.

"मग फोटो पाठव."

पाठवला. डाव्या हाताचा.