शिशुपालाचा हिशोब आणि आमच्या भाच्याचं स्टेटस

काल रात्री साडेदहाला फॅमिली ग्रुपवर एक मेसेज पडला. टाकणारा कोण, तर माझा सख्खा भाचा. धुळ्याला रूम करून पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला ग्राउंडवर पळतो, आणि त्याने टाकलंय काय, तर वर तलवारीचं चित्र आणि खाली हेडिंग, "धर्माबद्दल वाईट बोलणाऱ्याला जागेवर ठोकणे हा गुन्हा नाही, कर्तव्य आहे." खाली पाच मुद्दे. त्याखाली काकूपासून नानापर्यंत सगळ्यांचे जोडलेले हात. मी अमळनेरला कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावतो, २६ वर्षं झाली, जामिनाचे अर्ज बडवून बोटं झिजली. त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

पहिला मुद्दा म्हणे शब्द हे पण शस्त्रच, म्हणून मारणं हे स्वसंरक्षण. अरे भो, स्वसंरक्षणाची कलमं नव्या न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत, त्यात संरक्षण कशाचं, तर शरीराचं आणि मालमत्तेचं, आपल्या किंवा दुसऱ्याच्या. भावना तिथे कुठेच नाही. शिवी देणारा घरी जाऊन जेवायला बसलाय आणि तुम्ही दहा जण काठ्या घेऊन त्याच्या दारात, यात संरक्षण कोणाचं चाललंय?

दुसरा मुद्दा शिशुपाल. "श्रीकृष्णाने पण शंभर शिव्या मोजल्या आणि मग सुदर्शन सोडलं." हा मुद्दा वाचून मला आधी हसू आलं. पहिली गोष्ट, शंभर अपराध माफ करायचा शब्द कृष्णाने आत्याला दिला होता, शिशुपालाच्या आईला, आणि तो पाळला. तुम्हाला एक पोस्ट तीन मिनिटं सहन होत नाही आणि दाखला शंभराचा. दुसरी गोष्ट, सभापर्वात कृष्ण भर सभेत यादी वाचतो, तिच्यात नुसत्या शिव्या नाहीत, आपण नसताना द्वारका जाळली, यज्ञाचा घोडा पळवला, असले उद्योग आहेत. आणि तिसरी गोष्ट, अपमान ज्याचा झाला तोच तिथे उभा होता. देवाने स्वतःचा हिशोब स्वतः केला, गल्लीतल्या पोरांना सुपारी दिली नाही. त्याच विष्णूच्या छातीवर भृगूने लाथ मारली तेव्हा त्याने विचारलं, तुमच्या पायाला तर नाही ना लागलं? ती गोष्ट फॉरवर्डवाल्याला आठवत नाही, सोयीची नाही ना.

तिसरा, तुकोबा. "नाठाळाचे माथी हाणू काठी." एवढी एकच ओळ. अभंगाची सुरुवात "मऊ मेणाहुनि आम्ही विष्णुदास" अशी आहे, तिचा पत्ताच नाही. ज्यांची वही नदीत बुडवली, ज्यांना मंबाजीने काटेरी फांदीने झोडपलं, ते तुकोबा त्या रात्री त्याच मंबाजीला कीर्तनाला बोलवायला गेले असं सांगतात. काठी हाणल्याचं काही माझ्या ऐकण्यात नाही. पुढे जाऊ.

चौथा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कारण तो पोरांना जेलात घालणारा आहे. मेसेजमध्ये लिहिलंय, "कायदाच सांगतो, गंभीर आणि अचानक प्रक्षोभाने खून झाला तर शिक्षा होत नाही. वकिलाला विचारा." विचारलं ना, रोज विचारतो. कलम १०१ चा पहिला अपवाद आहे हा. आता कबूल करायचं तर करतो, अर्धं खरं आहे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभात भान सुटून मारलं तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो, आणि नुसत्या शब्दांनी सुद्धा असा प्रक्षोभ होऊ शकतो असं खुद्द सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. पण सदोष मनुष्यवध म्हणजे सुटका नाही रे बाबा! जीव घ्यायच्या इराद्याने मारलं असेल तर कलम १०५ मध्ये जन्मठेप, नाहीतर किमान ५ ते १० वर्षं, वर दंड. याला "शिक्षा होत नाही" म्हणतात का?

आणि तो अपवाद तरी मिळतो का? नानावटी केस सगळ्यांना ऐकून माहीत असते, निकाल कोणी वाचत नाही. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलाच्या कमांडर नानावटीला बायकोने घरात सांगितलं की माझे आहुजाशी संबंध आहेत. यापेक्षा मोठा प्रक्षोभ कोणता? पण हा माणूस बायको-पोरांना मेट्रो सिनेमाला सोडतो, मग जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतो, आहुजाच्या ऑफिसात बघतो, तिथे नाही म्हणून त्याच्या घरी जातो आणि गोळ्या घालतो. दीडला घर सोडलं, चार वीसला गोळ्या. सुप्रीम कोर्टाने १९६१ च्या निकालात सांगितलं, जवळजवळ तीन तास होते, डोकं थंड व्हायला भरपूर झाले, प्रक्षोभाचा बचाव चालणार नाही. जन्मठेप कायम. लगेच कोणीतरी म्हणेल की त्याला नंतर माफी मिळाली. मिळाली, १९६४ ला, राज्यपालांकडून. कमांडर होता तो, सगळी मुंबई त्याच्या बाजूने होती. तुमच्या पोरासाठी कोण उभं राहणार आहे?

आता आपल्याकडचा प्रकार बघा. सकाळी कोणीतरी स्टेटस ठेवतो, दुपारी त्याचा स्क्रीनशॉट फिरतो, संध्याकाळी टपरीवर मीटिंग, रात्री नऊला गर्दी. बारा तास! यातलं अचानक काय? आणि त्याच अपवादात पहिलीच अट आहे की मारायला निमित्त म्हणून प्रक्षोभ स्वतः शोधलेला नसावा. इथे पोरं दुसऱ्यांच्या प्रोफाइली रात्रभर उकरतात, कुठे काही सापडतंय का म्हणून. वर पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, श्रद्धा असल्या कारणावरून जीव घेतला तर कलम १०३ च्या पोटकलम २ मध्ये प्रत्येकाला फाशी नाहीतर जन्मठेप. प्रत्येकाला, म्हणजे मागे उभा राहून व्हिडिओ काढणाऱ्याला पण आधी आपण त्यांच्यात नव्हतो हे सिद्ध करत फिरावं लागतं. असल्या पोरांच्या आया माझ्या टेबलासमोर बसतात, डबा घेऊन, तारीख पडली का विचारत. ज्याने मेसेज लिहिला तो मला त्या बाकड्यावर आजवर दिसला नाही.

पाचवा मुद्दा, "पोलीस काही करत नाहीत, आणि पाकिस्तानात बघा, कोणाची बोलायची हिंमत होते का." पोलीस हलत नाहीत, निवडून निवडून हलतात, हे मला मान्य आहे, तक्रारी मीच टाइप करतो. मुद्दाम, दुष्टाव्याने धर्माचा अपमान करणाऱ्याला कलम २९९ मध्ये ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण पानं सरकतच नाहीत. म्हणून पाकिस्तान? २०१७ ला तिथे मर्दानच्या युनिव्हर्सिटीत एका विद्यार्थ्याला त्याच्याच सोबतच्या पोरांनी धर्मनिंदेच्या आरोपावरून हॉस्टेलमध्ये ठेचून मारलं, नंतर तपास पथकाला त्याने काही निंदा केल्याचा पुरावाच सापडला नाही. हे मॉडेल आणायचंय इकडे?

लांब कशाला जाता, आपलं राईनपाडा आठवा. साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत आलेले. व्हॉट्सॲपवर पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा फिरत होती, गर्दीने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. तिथे धर्माचा विषय नव्हता, मान्य. पण गर्दी आणि मोबाईल हेच होते, आणि विचारपूस करायला एकाला पण सुचलं नाही. मग अमुक पोस्ट खरंच याने टाकली की याच्या नावाने कोणी फेक अकाउंट काढलं, हे रात्री नऊची गर्दी तपासणार आहे?

सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, मंग काय ऐकी लेवानं का?" म्हटलं, नको ऐकू, स्क्रीनशॉट काढ, स्टेशनला तक्रार दे, मी फुकट टाइप करून देतो. आणि म्हटलं कलम १९६ पण वाच, धर्माधर्मात तेढ लावणारा मजकूर मोबाईलवरून पसरवला तरी ३ वर्षं आहेत, आणि भरतीत पास झालास की चारित्र्य पडताळणीचा कागद याच स्टेशनातून जाणार आहे. थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणे, "मी लिहिलेलं नव्हतं मामा, मला आलं ते टाकलं."

ग्रुपवरचा मेसेज त्याने डिलीट केलाय. स्टेटसला अजून तलवार दिसतेय, चोवीस तास व्हायला नऊ तास बाकी आहेत. आणि काकूने तोच मेसेज आता सोसायटीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय.