आम्फावासाठी वार पाहून जा

थायलंडमधल्या बाजारांवरच्या लेखात दाम्नोएन सदुआकच्या तरंगत्या (कालव्यात होड्यांवर भरणाऱ्या) बाजाराला ‘निव्वळ पर्यटकांचा देखावा’ म्हटलंय, ते मला पटलं नाही. विक्री आता बरीचशी पर्यटकांनाच होते, हे खरं. पण हा बाजार ज्या कालव्यावर भरतो, तो थायलंडचा राजा चौथा राम याच्या काळात खणला गेला, १८६८मध्ये पुरा झाला. मे क्लोंग आणि ता चीन या नद्या त्याने जोडल्या आणि काठच्या बागांमधला माल होड्यांतून जाऊ लागला. गाईडने एवढं जरी सांगितलं तरी फेरी वेगळी वाटते. आमच्या गाईडताईंनी ते फार जीव लावून सांगितलं.

मेक्लोंगचा रेल्वे बाजार मात्र अगदी रोजच्या वापरातला आहे. मासळी, भाजी, मिरच्या, सगळं रुळांना खेटून. गाडी आली की छत्र्या मिटतात, टोपल्या मागे सरकतात, ती गेली की पुन्हा विक्री सुरू! तिथे गाडीच्या वेळेआधी पोहोचवणारीच सहल निवडा.

आम्फावाचा तरंगता बाजार शुक्रवार ते रविवार, दुपारनंतर रंगतो. सकाळच्या सहलीत तो बसत नाही. शाकाहारींनी फिश सॉसबद्दल आधीच विचारावं. खानोम ख्रोक मात्र नक्की खा, आपल्या आप्प्यांसारखे, नारळाच्या दुधातले, गरमागरम.