सेव्हिलच्या भिंतीवरच्या चादरी

मे महिन्यात मुलीकडे स्पेनला गेलो होतो. तिने सेव्हिलमधला 'कासा दे पिलातोस' नावाचा वाडा दाखवायला नेलं. चौकात पाऊल टाकलं आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, ह्यांनी तर चादरी टांगल्यात की!"

"पप्पा, हळू बोला."

पण खोटं नाही. चौकाच्या चारी भिंतींवर, डोक्याच्याही वरपर्यंत टाइल्सच टाइल्स. मध्ये जाळीची नक्षी, भोवती काठ, शेजारी लगेच दुसरी नक्षी, दुसरा काठ. एकूण 150च्या आसपास नमुने आहेत म्हणे. जिना तर खालपासून वरपर्यंत त्यांनीच मढवलाय.

वाडा 15व्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलेला. मालकाचा मुलगा फाद्रिके 1520 मध्ये जेरुसलेमची यात्रा करून आला आणि पुढे लोक वाड्याला पिलाताचं, म्हणजे येशूला शिक्षा सुनावणाऱ्या रोमन अधिकाऱ्याचं, घर म्हणू लागले. पुढच्या वारसदाराने, नेपल्सचा व्हाइसरॉय होता तो, इटलीतून रोमन पुतळे आणून भरले. चौकात सम्राट वगैरे मंडळींचे 24 अर्धपुतळे आहेत. सगळे पर्यटक त्यांच्यासमोर फोटो काढत होते. मला ते लग्नाच्या पंगतीत रुसून बसलेल्या पाहुण्यांसारखे वाटले.

मी भिंतीला नाक लावून उभा. वडील सोलापूरच्या पूर्व भागात जेकार्डच्या, म्हणजे नक्षीच्या चादरी विणायच्या, मागावर होते, त्यामुळे नक्षी दिसली की ती कुठून परत सुरू होते हे आधी शोधतो. इथे ओल्या मातीवर साचा दाबायचे. नक्षीच्या कडा उंच राहायच्या, शेताच्या बांधासारख्या, म्हणून भट्टीत एक रंग दुसऱ्यात उतरत नसे. साचा तोच, टाइल्स हजारो. आपल्याकडे जेकार्डला लावलेले भोकं पाडलेले पुठ्ठे तेच काम करतात. घरी शेवटपर्यंत "पुठ्ठा चुकला की चादर चुकली" एवढंच ऐकलं.

पण मनात राहिलं ते वेगळंच. 1530च्या दशकात या टाइल्स करणारे दिएगो आणि हुआन पुलिदो, दोघे भाऊ. कारागीर माणसं, पण नावं 500 वर्षं टिकली. आपल्या सोलापूरच्या इंद्रभुवन वाड्यापुढे उभं राहिलं की तो बांधणाऱ्या अप्पासाहेब वारदांचं नाव पोरगंसुद्धा सांगेल. वरची वेलबुट्टी घडवणाऱ्याचं नाव घेताना कुणाला ऐकलंय?

परत आल्यावर घरातल्या सगळ्या चादरींची लेबलं वाचली. कंपनी आहे, 60 बाय 90 आहे, कशी धुवायची तेही आहे. डिझाइन कोणाचं, ते एकीवरही नाही. निर्यातीच्या गप्पा मारणाऱ्यांनी त्या चार बोटांच्या कापडावर एक ओळ वाढवली तर काय दिवाळं निघणार आहे का?

तोवर एक विनंती. कुणाच्या माळ्यावर चादरीच्या डिझाइनचे जुने ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी, पडले असतील, तर रद्दीत घालू नका. इनबॉक्समध्ये कळवा, मी स्वतः येऊन फोटो काढून नेतो. ग्राफ काढणाऱ्याचं नाव आठवत असेल तर तेही सांगा.