व्हे पावडर कशाला, दाण्याचं कूट आहे की!
तुमच्या ओट्सच्या बारवरच्या लेखात व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची पूड) आणि बदामाचं बटर घालायला सांगितलंय. नेरूळला पीजीत राहून ते परवडत नाही हो! आम्ही तिघं मिळून वाशी मार्केटमधून शेंगदाणे-फुटाणे आणतो. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम प्रथिनं, ओट्सच्या जवळपास दुप्पट. म्हणून ओट्स नि कूट एकेक वाटी, फुटाण्याचं पीठ अर्धी. ओट्स आधी कोरडेच खमंग भाजा, नाहीतर पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. पहिल्या खेपेला गुळाचा पाक इतका पुढे गेला की वड्या फोडायला रूममेटने बत्ता मागितला. आता चमचाभर पाण्यात गूळ विरघळला की इंडक्शन बंद (घरमालकीण विजेचे वेगळे घेते!) आणि त्यात हे सगळं मिसळून गरम असतानाच लाडू वळायचे. पावसाळ्यात मात्र थोडेच करा, लगेच मऊ पडतात.